घराची फरशी निवडताना : रंगाच्या आधी विचारायचे प्रश्न

दिवाळी आटोपली किंवा मुलांच्या परीक्षा संपल्या की वडोदऱ्यातल्या आपल्या मराठी घरांमधून कामे निघतात. कुणी स्वयंपाकघर नवे करतो, कुणी रावपुऱ्यातले, दांडिया बाजारातले जुने घर सोडून फ्लॅटमध्ये जातो. मग मंडळाच्या कार्यक्रमात चहा घेता घेता एक प्रश्न हमखास येतो : "तुम्ही फरशी कुठली घातलीत?" आम्हालाही तो अनेकांनी विचारला. दर वेळी अर्धवट उत्तर देण्यापेक्षा सगळे एकदा नीट लिहावे, म्हणून हा लेख.

आधी आमची चूक सांगतो, कारण पुढचे सगळे आम्ही तिच्यामुळेच शिकलो. नवे घर घेतले तेव्हा दिवाणखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत एकच पांढरी, आरशासारखी चमकणारी दोन बाय चारची टाइल घातली. दुकानात आम्ही रंग विचारला, भाव विचारला, आकार विचारला. ओली झाल्यावर ती कशी वागते हे आमच्यापैकी एकानेही विचारले नाही. राहायला आल्यावर तिसऱ्या महिन्यात घरातल्या आजी देवासाठी तांब्यात पाणी घेऊन निघाल्या. तांब्यातले पाणी हिंदकळून सांडले आणि त्याच पाण्यावरून त्यांचा पाय गेला. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. आज त्या वॉकर धरून चालतात. टाइल पहिल्या प्रतीची होती, कारागिराचे कामही चोख होते. आम्ही चुकीच्या जागी चुकीची टाइल निवडली होती, एवढेच.

म्हणून पहिला प्रश्न रंगाचा ठेवू नका. या जागेवर कोण चालणार आहे, अनवाणी की चपलेने, आणि इथे पाणी किंवा तेल सांडणार आहे का, हे आधी ठरवा.

जुनी फरशी काढायलाच हवी का?

आपल्या आजी-आजोबांच्या घरांत कोबा होता, शहाबादी होती, पुढे कोटा आणि मोझॅक आले. लक्ष्मीविलास राजवाडा पाहायला पाहुण्यांना नेतो तेव्हा दरबार हॉलमधली व्हेनिशियन मोझॅकची जमीन आपण कौतुकाने दाखवतो, आणि घरी येऊन आपल्याच चांगल्या मोझॅकवर घण घालतो.

मोझॅक आणि कोटा या दोन्हींचा एक मोठा गुण म्हणजे त्या पुन्हा घासता येतात. मशीन लावून वरचा झिजलेला, डागाळलेला पापुद्रा काढला की खालून नवी जमीन निघते. टाइलला ही सोय नाही. तिच्या वरचा नक्षीचा थर एकदा गेला की गेला. फरशी पोकळ झालेली नसेल, खचलेली नसेल, फक्त कळकट दिसत असेल, तर आधी घासणाऱ्या कारागिराकडून एक कोपरा करून बघा. आमच्या ओळखीच्या एका घरात एवढ्यावरच भागले. तोडफोड, राडारोडा आणि महिनाभराचे विस्थापन तिन्ही वाचले. मात्र पॉलिश किती चढवायचे ते आधी सांगा. आरसा पॉलिश केलेला कोटाही ओला झाला की घसरतो.

जुन्या फरशीवरच नवी टाइल बसवण्याची पद्धतही आता रूढ झाली आहे. तिने वेळ वाचतो. पण जमीन साधारण अर्धा इंच वर येते, दारे खालून कापावी लागतात आणि दोन खोल्यांमध्ये नको तिथे पायरी तयार होते. शिवाय चौरस मीटरला पंचवीस किलोच्या आसपास वजन वाढते. आरसीसीच्या स्लॅबवर हे चालवता येते. लाकडी तुळयांवरच्या जुन्या माळ्यावर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय असे काही करू नका.

टाइलची जात ओळखा

दुकानात शिरलो की जीव्हीटी, पीजीव्हीटी, डबल चार्ज, फुल बॉडी अशी अक्षरे आणि नावे कानावर आदळू लागतात. त्यांचा अर्थ इतकाच :

सगळ्या टाइल्स माती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ यांसारख्या खनिजांच्या भुकटीतून, दाब देऊन आणि भट्टीत भाजून तयार होतात. मिश्रण काय आणि भाजणी किती, यावर ती पाणी किती पिते ते ठरते. साधी भिंतीची सिरॅमिक टाइल आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक पाणी शोषते. ती हलकी आणि ठिसूळ असते. व्हिट्रिफाइड टाइल बाराशे अंश सेल्सिअसच्या आसपास भाजलेली असते आणि जेमतेम अर्धा टक्का किंवा त्याहून कमी पाणी शोषते. म्हणून ती जास्त मजबूत असते. स्वस्त पडते म्हणून भिंतीची टाइल जमिनीला लावू नका, हा यातला पहिला धडा.

व्हिट्रिफाइडमध्ये पुन्हा प्रकार आहेत. फुल बॉडीमध्ये रंग वरपासून खालपर्यंत एकच असतो. कोपरा उडाला तरी डोळ्यात भरत नाही. डबल चार्जमध्ये वरचा तीन-चार मिलिमीटरचा थर वेगळ्या रंगाचा असतो. नक्षी मोजकी मिळते, पण झीज सोसण्याची ताकद चांगली. जीव्हीटीमध्ये वर झिलई आणि छापील नक्षी असते. संगमरवर, लाकूड, सिमेंट, हवे ते रूप मिळते. पीजीव्हीटी म्हणजे तीच टाइल पॉलिश करून चकचकीत केलेली. शोरूममध्ये दिव्यांखाली आपल्याला भुरळ घालते ती बहुतेक वेळा हीच. पीजीव्हीटी वाईट नाही, तिची जागा कोरड्या खोलीत आहे.

दुकानात करता येणारी एक परीक्षा. टाइल पालथी करा आणि मागच्या बाजूला चमचाभर पाणी टाका. सिरॅमिक ते पाहता पाहता पिऊन टाकेल. व्हिट्रिफाइडवर ते तसेच पडून राहील. पेटीवर पाणी शोषण्याचे प्रमाण छापलेले असते, तेही वाचा.

घसरण : पेटीवरच्या 'आर'चा अर्थ

टाइलच्या माहितीपत्रकात आर ९ पासून आर १३ पर्यंत आकडे असतात. आकडा जितका मोठा, तितकी पकड जास्त. पण ही चाचणी तेल टाकलेल्या उतरंडीवर, पायात बूट घालून चालत केलेली असते, हे दुकानात कुणी सांगत नाही. आपण घरात अनवाणी वावरतो. अनवाणी पायांसाठी साबणाच्या पाण्यावर वेगळी चाचणी करतात आणि तिचे वर्ग ए, बी, सी असे आहेत. सी म्हणजे सर्वांत जास्त पकड. बाथरूमची टाइल घेताना हा वर्ग आवर्जून विचारा. किमान बी असलेली घ्यावी.

दुकानदाराकडे हा आकडा नसेल तर घरच्या घरी परीक्षा करा. पसंत पडलेल्या दोन-तीन नमुन्याच्या टाइल्स मागून आणा. जमिनीवर ओळीने मांडा, पाणी टाका, थोडे साबणाचे पाणी टाका आणि भिंत धरून अनवाणी पायाने उभे राहून बघा. मग पुसून एक थेंब तेल टाका आणि पुन्हा बघा. पाच मिनिटांत जे कळते ते दहा शोरूम हिंडून कळत नाही. ही परीक्षा घरातल्या तरुणांनीच करावी, ज्येष्ठांना त्यात उभे करू नये.

खोलीप्रमाणे निवड

बाथरूम आणि संडास : मॅट, किंचित खरखरीत टाइल, आणि आकार लहान, एक बाय एकचा. लहान टाइलला सांधे जास्त येतात, पायाला पकड मिळते आणि जाळीकडे चारही बाजूंनी ढाळ काढणे कारागिराला सोपे जाते. मोठी टाइल ढाळासाठी कापत बसावी लागते, नाहीतर पाणी कोपऱ्यात साचते. फार खोल नक्षीही नको. वडोदऱ्यात बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरांत क्षारांचे पांढरे डाग त्या खाचांत बसतात आणि निघता निघत नाहीत.

स्वयंपाकघर : फोडणीचे तेल, पिठाची भुकटी, सांडलेले पाणी, सगळे इथेच. मॅट किंवा साटिन पृष्ठभाग घ्या. खलबत्ता, पाटा-वरवंटा, नारळ फोडणे यांपैकी काही जमिनीवर होत असेल तर छापील झिलईच्या टाइलचे टवके उडतात. तिथे फुल बॉडी किंवा कोटा जास्त वर्षे टिकतो.

दिवाणखाना आणि झोपायच्या खोल्या : चकचकीत टाइल हवीच असेल तर तिची जागा इथे. तरीही ज्येष्ठांच्या खोलीतून बाथरूमकडे जाणारी वाट मॅटच ठेवा. रात्री ओल्या पायांनी माणूस त्याच वाटेने परत येतो.

देवघर : इथले पाणी, तेल, हळद आणि कुंकू आपण हिशेबात धरत नाही. टाइलवरची हळद पुसली जाते, पण सिमेंटच्या पांढऱ्या सांध्यात गेलेली हळद कायमची राहते. देवघरासमोर आणि ओट्याखाली इपॉक्सीचा सांधा भरा. तो महाग पडतो, पण डाग धरत नाही. पूर्ण घराला परवडत नसेल तर निदान या दोन जागांना करा.

दार, ओटला आणि अंगण : पावसाळ्यात चिखलाचे पाय इथेच पडतात, म्हणून घरातली सर्वांत जास्त पकड असलेली टाइल इथे हवी. मात्र रांगोळीची जागा आधी ठरवा. पांढऱ्या टाइलवर पांढरी रांगोळी दिसत नाही. फार खरखरीत टाइलमध्ये रंग अडकून बसतात आणि पाडवा होऊन गेला तरी दिवाळीचे निळे-गुलाबी ठिपके तसेच असतात. उंबऱ्याबाहेर दोन-अडीच फुटांचा एक चौकोन गडद रंगाच्या गुळगुळीत कोट्याचा किंवा काळ्या कडप्प्याचा घातला तर रांगोळीही उठून दिसते. मात्र हा चौकोन येण्याजाण्याच्या वाटेवर न ठेवता एका बाजूला ठेवावा.

गच्ची : मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो. गच्चीला गडद टाइल घातली तर खालची खोली रात्रीपर्यंत तापलेली राहते. पांढरी, ऊन परतवणारी टाइल किंवा फुटक्या चिनी मातीच्या तुकड्यांची जुनी पद्धत, दोन्ही चांगल्या.

रंगाबद्दल थोडे

पूर्ण पांढऱ्या जमिनीवर केस दिसतो आणि गडद जमिनीवर धूळ दिसते. पाण्याचे डागही गडद आणि चकचकीत टाइलवरच जास्त उठतात. मधला, किंचित ठिपक्यांचा, मातकट किंवा राखाडी रंग रोजच्या वापरात सर्वांत सुखाचा.

दृष्टी कमी झालेल्या माणसांचा विचार इथेही करा. बाथरूमची जमीन आणि भिंत एकाच रंगाची असेल तर त्यांना जमीन कुठे संपते ते कळत नाही. पायरीची कड वेगळ्या रंगाची ठेवा. मोठी, उठावदार नक्षी असेल तर सपाट जमिनीवरही खड्डा किंवा पायरी असल्याचा भास होतो.

पुराचा विचार

२०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी समा, फतेगंज, कारेलीबाग, अकोटा अशा भागांतल्या तळमजल्यांत शिरले. ते दिवस आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले आहेत. नदीकाठच्या, सखल भागातल्या तळमजल्यावर लाकडी किंवा लॅमिनेटची जमीन घालू नका. पाणी लागले की ती फुगते आणि फेकूनच द्यावी लागते. संगमरवर सच्छिद्र असल्याने गाळाचे डाग धरतो. व्हिट्रिफाइड टाइल गाळ धुतला की पूर्ववत होते, पण ती खाली पोकळ नसेल तरच. पोकळीत शिरलेले पाणी आठवडेच्या आठवडे सुकत नाही, कुबट वास येत राहतो आणि पुढे टाइल सुटते. म्हणून अशा घरांत बसवण्याच्या कामावर जास्त लक्ष द्या.

किती पेट्या घ्यायच्या?

दोन बाय चारच्या पेटीत सहसा दोन टाइल्स असतात आणि त्यांनी साधारण साडेपंधरा चौरस फूट जागा भरते. दोन बाय दोनच्या पेटीत चार असतात, क्षेत्रफळ तेवढेच.

उदाहरण म्हणून बारा बाय चौदाची खोली घेऊ. जमीन १६८ चौरस फूट. भिंतीलगत चार इंचांची स्कर्टिंग घालायची, तर खोलीचा घेर ५२ फूट, त्यातून दाराचे ३ फूट वजा, राहिले ४९ फूट. त्याचे सुमारे १६ चौरस फूट झाले. एकूण १८४. कापण्यात आणि फुटण्यात जाणारे दहा टक्के धरले की २०३ च्या आसपास. साडेपंधराने भागले तर तेरापेक्षा थोडे जास्त, म्हणजे चौदा पेट्या. तिरकी किंवा नक्षी जुळवून बसवायची असेल तर आणखी थोड्या.

सगळ्या पेट्या एकाच बॅचच्या आणि एकाच शेडच्या आहेत ना, हे उतरवून घेतानाच तपासा. दोन्ही क्रमांक पेटीवर असतात. एकाच नावाच्या दोन बॅचमध्ये रंगाचा फरक पडतो आणि तो टाइल लागल्यावरच दिसतो. काम झाल्यावर उरलेली एक पेटी टाकून देऊ नका. पाच वर्षांनी नळ दुरुस्तीसाठी चार टाइल्स फोडाव्या लागल्या तर तीच टाइल बाजारात मिळत नाही.

आणखी एक. दोन बाय चारच्या दोन टाइल्सची पेटी जवळपास तीस किलोची असते. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर चढवण्याची मजुरी भाव ठरवतानाच ठरवून घ्या.

मोरबीला जाऊन घ्यावी का?

मोरबी आपल्या गुजरातेतच, टाइलचे सर्वांत मोठे केंद्र. त्यामुळे "थेट मोरबीहून आणा, निम्म्यात पडेल" असे सांगणारा कुणीतरी भेटतोच. पूर्ण बंगल्याचे काम असेल, किंवा सोसायटीतल्या चार-पाच घरांनी मिळून घ्यायचे असेल, तर जाण्यात अर्थ आहे. एका फ्लॅटसाठी टेम्पोभाडे, वाटेतली मोडतोड आणि कमी पडल्यास दोन पेट्यांसाठी पुन्हा मारावी लागणारी खेप यांतच बचत संपते.

स्वस्त भाव ऐकला तर प्रत विचारा. प्रीमियम, स्टँडर्ड आणि कमर्शियल अशा प्रती असतात. खालच्या प्रतीत टाइल किंचित वाकलेली, कडेला कमी-जास्त किंवा रंगात फरक असलेली येते. दोन टाइल्स तोंडाला तोंड लावून धरा. मधे फट दिसली किंवा त्या डगमगल्या तर टाइल वाकडी आहे. मोठ्या टाइलमध्ये हा दोष असेल तर कितीही हुशार कारागीर आणा, कडा वर-खाली राहणारच. पक्के बिल घ्या. परत घेण्याची अट त्यावरच लिहून घ्या.

बसवताना उभे राहून बघायच्या गोष्टी

चांगली टाइल वाईट बसवली तर पैसे वाया जातात. गवंडी, म्हणजे आपला कडिया, कितीही ओळखीचा असला तरी या गोष्टी स्वतः बघा :

१. बाथरूममध्ये टाइलच्या आधी वॉटरप्रूफिंग. ते झाल्यावर जाळी बंद करून पाणी भरा, चोवीस तास ठेवा आणि खालच्या मजल्यावर ओल येते का ते बघा.

२. ढाळ मीटरला साधारण सव्वा सेंटीमीटर. पाच फुटांच्या बाथरूमला सुमारे पाऊण इंच. सांधे भरण्याआधी बादलीभर पाणी ओतून ते सगळे जाळीकडे जाते का ते पाहा.

३. व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या रबडीवर ती नीट धरत नाही. टाइलसाठीचे चिकटद्रव्य वापरायला सांगा, आणि ते चारही कोपऱ्यांत ठिपके देऊन न लावता दातेरी थापीने पूर्ण पसरायला लावा. ठिपक्यांमधल्या जागेत पोकळी राहते.

४. दोन टाइल्समध्ये दोन-तीन मिलिमीटरचा सांधा स्पेसर लावून ठेवावा. "सांधा दिसणारच नाही असे बसवतो" हे ऐकून खूश होऊ नका. उष्णतेने टाइल किंचित वाढते. तिला जागा नसेल तर एखाद्या उन्हाळ्यात मधल्या दोन टाइल्स तंबूसारख्या उचलल्या जातात.

५. दुसऱ्या दिवशी काठीने किंवा नाण्याने प्रत्येक टाइल वाजवा. पोकळ आवाज आला तर खडूने खूण करा आणि सांधे भरण्याआधी ती काढून पुन्हा बसवून घ्या.

६. खोल्यांच्या जोडावर बोटभरही पायरी राहू देऊ नका. वॉकर आणि चाकाची खुर्ची तिथेच अडते, आणि चालणाऱ्याला ती दिसतही नाही.

आम्ही पुढे काय केले

आजी रुग्णालयातून घरी येण्याआधी आम्ही स्वयंपाकघराची टाइल काढून मॅट टाइल घातली. बाथरूममध्ये एक बाय एकच्या खरखरीत टाइल्स आणि भिंतीला धरायला दांडा बसवला. सगळ्या घराची फरशी बदलणे परवडणारे नव्हते. दिवाणखान्यात देवघरापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या वाटेवर घसरण कमी करणारे रसायन लावून घेतले. त्याने तेवढ्या पट्ट्यावरची चमक थोडी गेली, आणि काही वर्षांनी ते पुन्हा लावावे लागेल. येणाऱ्या पाहुण्याला तो पट्टा दिसतो आणि तो काय आहे हे विचारतोही.

दुसऱ्यांदा टाइल आणायला गेलो तेव्हा नमुन्याच्या तीन टाइल्स घरी आणल्या, त्यांवर पाणी टाकले आणि आमच्यातल्या प्रत्येकाने पाय ठेवून बघितला. आजी खुर्चीत बसून बघत होत्या. सर्वांत कमी घसरणारी टाइल रंगाने सर्वांत साधी होती. तीच घेतली.

आपल्याही घरी काम निघाले असेल, तर नमुन्याची टाइल मागायला लाजू नका. दोन दिवसांसाठी ती घरी नेऊ देणाऱ्या दुकानातूनच माल घ्या.